अर्ध्या बोटाचा उंचवटा

"थय चोपू नको," शेवंताआत्या म्हणाली.

मी हातातलं चोपणं वरच्या वर थांबवलं. चोपणं म्हणजे मूठ असलेली जाड लाकडी फळी, ओली माती ठोकून घट्ट करायची. सकाळपासून ते चालवून माझ्या उजव्या तळहातावर दोन फोड आले होते, आणि तिसरा कुठे येणार ते कळायला लागलं होतं.

"का? इथे उंच राहिलंय."

"रवांदे. थयची माती कडक आसा."

मी बोटाने दाबून पाहिलं. माती बाकीच्या खळ्याइतकीच मऊ होती. पण आत्या पुढे सरकली होती आणि तिचं चोपणं पुन्हा धपधप वाजायला लागलं होतं. तिच्यापासून चार हातांवर गुणाकाकी उकिडवी बसून तिच्या तालाला ताल देत होती. दोघींचे फटके एकाआड एक पडत. एकीचाही हात चुकला, तर दुसरी लगेच ओळखायची.

"शेवंते, तुझ्या डाव्या बाजूक पोकळ वाजता गो."

"वाजांदे. तू तुझ्या बाजूचा बघ."

"बघतंय थय काय? ऐकतंय."

यावर दोघी हसल्या.

ही एक्क्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. सांगलीला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून कुडाळजवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते, एका वर्षापुरती. राहायला वडिलांच्या बहिणीकडे, शेवंताआत्याकडे. तिचं घर आणि गुणाकाकीचं घर समोरासमोर होतं आणि मध्ये दोघींचं मिळून एकच खळं. तिकडे घरापुढच्या अंगणाला खळं म्हणतात. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, माती वाहते, खड्डे पडतात. म्हणून भात घरात यायच्या सुमाराला ते नव्याने करायचं: खरवडायचं, नवी माती घालायची, पाणी मारायचं, चोपायचं आणि शेवटी शेणाने सारवायचं. बऱ्याच घरांत हे काम गड्यांना देतात. आत्या आणि गुणाकाकी मात्र ते स्वतः करत. दोघी एकाच वैशाखात या दोन घरांत सुना म्हणून आल्या होत्या आणि पहिलं खळंही बरोबरच केलं होतं. आता दोघीही साठीच्या पुढे, दोघीही एकट्या.

त्या वर्षी खळ्याला मुदत होती. गुरुवारी तुळशीचं लग्न आणि गुरुवारी सकाळीच गुणाकाकीचा मुलगा दिगंबर डोंबिवलीहून येणार होता. त्याचं पत्र मीच वाचून दाखवलं होतं. गुणाकाकीला काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी थेंबांवर टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आत्या रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या डोळ्यांत थेंब घालायची. दिगंबरने लिहिलं होतं: "गेल्या वर्षी तू खळ्यात ठेचकाळलीस ते मी पाहिलं. तुला एकटीला ठेवून माझा जीव इथे लागत नाही. या वेळी तुला घेऊनच जाणार आहे. तयारी ठेव."

"चवथ्या माळ्यार ऱ्हवता तो," गुणाकाकी चोपता चोपता म्हणाली. "थय मी काय करू? खिडकेत बसान कावळे मोजू?"

"मोजूक दिसाक व्हये," आत्या म्हणाली.

"वरडण्यान मोजीन."

"आणि एकच कावळो धा वेळा वरडलो तर?"

"मगे धा कावळे. माझा काय जाता?"

हे हसण्यावारी चाललं होतं, पण पत्र वाचल्यापासून गुणाकाकीने घावन्याच्या पिठात दोनदा मीठ घातलं होतं, आणि आत्याने ते मुकाट्याने खाल्लं होतं.

"दिसतं ना तुम्हाला, काकी?" मी विचारलं.

"दिसता गो बाय. धुरकाट दिसता. माझ्यापुरता पुष्कळ झाला."

मला ते पटलं होतं. ती स्वतःचा स्वयंपाक करायची, विहिरीवर जायची, दिवसातून दहा वेळा खळं ओलांडून आत्याकडे यायची. तेही अनवाणी, चपला हातात धरून, आणि झपझप. तिला ठेच लागली असेल तर दोष तिचा नव्हे, खळ्याचा, असं माझं मत होतं.

त्या संध्याकाळी मी खळं मोजलं. कॉलेजातून मी दहा मीटर पारदर्शक नळी आणली होती. नळीत पाणी भरलं की तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं. गवंडी हेच वापरतात, पाणसळ म्हणून. पाणी नीट दिसावं म्हणून मी त्यात पोटॅशियम परमँगनेटचे चार कण टाकले. चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, दर दोन फुटांवर दोरी ताणली आणि दोरीपासून मातीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहीत गेले. खळं अठ्ठावीस फूट लांब, वीस फूट रुंद.

आत्या पडवीत माशांना मीठ लावत बसली होती.

"जांभळा पाणी घेवन काय करतंस ता?"

"नोंद."

"खळ्याची जन्मपत्रिका," ती गुणाकाकीला म्हणाली. "लग्न जमवता वाटता त्याचा."

मी पट्टी पुन्हा लावली. मला काहीतरी सापडलं होतं.

खळ्यात एक उंचवटा होता. उंची सगळीकडे अर्ध्या बोटाची, म्हणजे आठ-नऊ मिलिमीटर, आणि रुंदी एका वितेची. डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नव्हता, पण पट्टीला लागत होता. तो आत्याच्या पायरीपासून निघायचा, तुळशीवृंदावनाला वळसा घालायचा आणि गुणाकाकीच्या पायरीशी संपायचा. तुळशीपाशी त्याला एक फाटा विहिरीच्या वाटेकडे होता. फाटा फुटे तिथे उंची तीन मिलिमीटरने जास्त. मी शेजारी लिहिलं, "कारण कळत नाही."

एवढं मात्र मला कळलं, की आत्याने जिथे जिथे मला चोपू दिलं नव्हतं त्या सगळ्या जागा याच रेषेवर होत्या. मी अनुमान काढलं. आत्याचे हात आता थकले होते, वर्षानुवर्षं तेवढा भाग नीट चोपला जात नव्हता, आणि ते मान्य करायची तिची तयारी नव्हती. याच उंचवट्यावर गुणाकाकी ठेचकाळली असणार, आणि गुरुवारी दिगंबरसमोर ती पुन्हा ठेचकाळणार.

मंगळवारी दोघी आठवडी बाजाराला गेल्या. गुणाकाकीने शाळकरी मुलींसारखा आत्याचा हात धरला होता आणि आत्याची नेहमीची बडबड चालू होती. "ही बघ, सायबाच्या कुंपणाची पायरी इली. ह्या मेल्यान हय दगड तसोच ठेवल्यान." वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. मला या मैत्रीचं कौतुक वाटायचं. एवढं बोलायला त्यांना रोज कुठून सुचतं, असंही वाटायचं.

त्या दिसेनाशा झाल्या आणि मी खोरं उचललं.

उंचवटा ओलाच होता. खोऱ्याने तो सहज निघाला. निघालेली माती खोलगट जागी टाकली, पाणी शिंपडलं आणि चोपायला लागले. तिसरा फोड आला आणि फुटला. दुपारी दोनपर्यंत मी तीनदा नळी लावून पाहिली. पाणी वाहून जाण्यापुरता एका बाजूला बारीक उतार ठेवला. तो सोडला तर खळं कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओट्याइतकं सपाट झालं होतं. तुळशीच्या कट्ट्यावर बसून मी ते बराच वेळ बघत राहिले. इतकं समाधान मला परीक्षेच्या निकालानेही दिलं नव्हतं.

चारच्या सुमाराला दोघी परतल्या. आत्याने आपल्या पायरीवर टोपली उतरवली. तिची पाठ खळ्याकडे होती. गुणाकाकीने नेहमीप्रमाणे तिचा हात सोडला, चपला काढून हातात घेतल्या आणि स्वतःच्या घराकडे निघाली.

सहा पावलं ती रोजच्यासारखी झपझप गेली. सातव्याला थांबली. तिचा उजवा पाय पुढे जाऊन जमिनीवर चाचपायला लागला, मग डावा. अंधारात आपण पायाने चपला शोधतो, तसा. ती थोडी डावीकडे वळली, पुन्हा उजवीकडे. मग खळ्याच्या मधोमध, चार वाजताच्या लख्ख उन्हात, गुणाकाकी स्तब्ध उभी राहिली. तिचं तोंड तिच्या घराकडे नव्हतं, विहिरीकडे होतं.

"शेवंते," ती हळू आवाजात म्हणाली, "रस्तो मोडलंस काय गो?"

आत्या वळली. तिने आधी खळं पाहिलं, मग माझ्या पायांशी पडलेलं खोरं आणि नळी पाहिली.

"मी नाय," ती म्हणाली. "थांब थयच. येतंय."

ती गेली आणि तिने गुणाकाकीचा हात धरला. दोघी गुणाकाकीच्या पडवीत जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले आणि खांबापाशी उभी राहिले. सगळं माझ्या डोक्यात जुळत होतं, आणि जुळायला नको होतं. हात धरून बाजाराला जाणं. न थांबणारी बडबड: पायरी आली, दगड आला. जुलैत मी खळ्यात बादली विसरले होते तेव्हा आत्याने केलेला आरडाओरडा: "खळ्यात वस्तू टाकूची नाय म्हणान कितीदा सांगाचा?"

"काकी," मी म्हटलं, "तुम्हाला किती दिसतं?"

"उजेड दिसता. माणूस मधी इला तर सावली दिसता." तिने माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. ती हसत होती. "खळा ब्येस केलंस हां. इतक्या सपाट, की खंयव गेला तरी सारख्याच लागता."

"मला माहीत नव्हतं."

"तुका कसा म्हायत असतला?" आत्या म्हणाली. "कोणाकच म्हायत नाय."

"किती वर्षं?"

"सहा," दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींकडे वळल्या.

आत्याने तिच्या हातातल्या चपला घेऊन खाली ठेवल्या. मग गुणाकाकी म्हणाली, "सहा वर्सां तू माका रस्तो करून देतंस, शेवंते, आणि एकदाव बोलूक नाय."

"बोलाचा काय त्यात? तू चलत होतंस मा?"

"पण तुका कळला कसा? मी तर कोणाक सांगूक नाय."

"नागपंचमीक माका म्हणालंस, हिरवा लुगडा तुका शोभता. मी तांबडा नेसलेलंय."

गुणाकाकीने पदराने तोंड झाकलं. रडते की काय म्हणून मी पुढे झाले, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. "आणि तू, मेले, गप रवलंस?"

"रवलंय. वायट वाटला असता तुका. तुका रंगाची भारी हौस."

सहा वर्षं हा असा कारभार चालला होता. एकीने न सांगता वाट केली, दुसरी न विचारता तिच्यावरून चालली. त्यांच्यात कधी न बोललेली गोष्ट बहुधा एवढी एकच असावी, आणि ती माझ्यामुळे बोलावी लागली.

"आता परवा दिगू येतलो," गुणाकाकी म्हणाली. तिचं हसू ओसरलं होतं. "खळ्यात उतरलंय आणि अशी उभी रवलंय, काय मगे संपलाच. हात धरून गाडयेत बसवतलो."

"आत्या, पुन्हा कर ना. आज रात्रभर माती ओली राहील."

आत्याने खळ्याकडे पाहिलं. "मी दरवर्सा जुन्या खुणेवरसून करतंय. पावसानंतर वायच खूण रवताच. त्यार माती चढवची. आता खूणच नाय. आणि हिच्या पायांक दोन बोटांचो फरक चलणा नाय. माझ्या नजरेन केलंय तर वाट होयत, पण ती दुसरीच वाट होयत."

"नवीन वाट शिकाक माका म्हयनो लागात," गुणाकाकी म्हणाली. "ही शिकाक दोन लागलेले."

मी धावत घरात गेले. वही कपाटावर होती.

"ही बघा," मी म्हटलं, आणि कोणाला काय दाखवते आहे ते लक्षात आल्यावर वाचायला लागले. "पहिली दोरी. विहिरीकडच्या खुंटीपासून नऊ फूट दोन इंचांवर सुरुवात, नऊ फूट सहा इंचांवर माथा, नऊ फूट अकराला शेवट. उंची आठ मिलिमीटर. दुसरी दोरी..."

"म्हणजे?" आत्या म्हणाली.

"म्हणजे काढायच्या आधी सगळं लिहून ठेवलंय. होतं तसं करता येईल."

आत्या वहीकडे बघत राहिली. "जन्मपत्रिका," ती म्हणाली.

बुधवारी पहाटे सहाला आम्ही सुरुवात केली. मी पुन्हा दोऱ्या ताणल्या, प्रत्येक दोरीवर तीन काड्या रोवल्या: सुरुवात, माथा, शेवट. आत्या वारुळाची माती मळून काड्यांमध्ये वीतभर पट्टा भरत गेली आणि चोपण्याऐवजी तळहाताने थापत गेली. तिचे हात अजिबात थकलेले नव्हते, हे मी त्या दिवशी पाहिलं. दर चार दोऱ्या झाल्या, की माती थोडी आवळू द्यायची आणि काड्या काढून गुणाकाकीने चालून बघायचं. ती चपला हातात घेऊन यायची, नुसत्या तपासणीला सुद्धा.

"बरोबर. बरोबर. हय पण बरोबर."

पाचव्या दोरीला ती थांबली. "ह्या चुकला. हय वाट वायच डावीकडे होती."

मी वही पाहिली. "दहा फूट चार इंच. बरोबर आहे, काकी."

"वहीत बरोबर असात. पायाक चुकीचा लागता."

"मी दोनदा मोजलं होतं."

"मी सहा वर्सां मोजलेला आसा."

आत्याने हात झाडले आणि मजा बघायला तुळशीच्या कट्ट्यावर टेकली. मी दोरीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, परत दोरीकडे. मग लक्षात आलं. सोमवारी पाचव्या दोरीपाशी काळोख व्हायला लागला होता आणि घाईत मी ती एक दोरी उलट्या टोकाकडून मोजली होती. विसातून वजा केल्यावर नऊ फूट आठ इंच. काड्या तिथे रोवल्या. आत्याने पट्टा हलवला. गुणाकाकी चालली.

"आता इली," ती म्हणाली. "वहीक सांग, पाय चुकणत नाय."

मी पाचव्या दोरीची नोंद खोडली आणि शेजारी लिहिलं, "गुणाकाकींच्या पायाने दुरुस्त."

तुळशीपाशी पोचल्यावर मी विचारलं, "इथे तीन मिलिमीटर जास्त का आहे?"

"थांबो तो," गुणाकाकी म्हणाली. "थय पोचलंय काय कळता, हयसून विहिरीक वळाचा. शेवंतेन तिसऱ्या वर्सा केल्यान."

"तू विहीर सोडून गोठ्यात शिरलंस तेव्हा," आत्या म्हणाली.

"रेड्यान माका काय करूक नाय."

"तो घाबरलो."

संध्याकाळपर्यंत दोघींनी खळं सारवलं. शेणात कोळशाची पूड मिसळली होती, त्यामुळे वाळल्यावर ते काळंभोर आणि सारखं दिसायला लागलं. माझी बारा इंचांची पट्टी नसती, तर मलाही त्यातली वाट सापडली नसती.

गुरुवारी सकाळी सातला दिगंबर आला. चाळिशीचा, जाड काचांचा चष्मा, खांद्याला बॅग. बँकेत होता. खळ्यात पाऊल टाकण्याआधी त्याने चपला काढून पायरीखाली ठेवल्या. मग तुळशीला नमस्कार करायला वाकला आणि बॅग खाली ठेवली. नेमकी थांब्यावर. तिथून दोन पावलं आत्याच्या पायरीकडे येऊन तो माझी चौकशी करू लागला. सांगलीत कुठे, वडील काय करतात, कॉलेज कसं आहे.

मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही. समोरचं दार उघडलं होतं.

"दिगू इलो?" गुणाकाकी पायरी उतरली. हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता, त्याच्या पायांवर घालायला. ती झपझप निघाली. वीस फूट. पंधरा फूट. बॅग वाटेच्या बरोबर मध्ये होती. आत्या आत घावने घालत होती, आणि मी ओरडले तर दिगंबरला सगळं कळणार होतं.

दिगंबर माझ्याशी बोलतच होता. बोलता बोलता तो दोन पावलं मागे गेला, आणि मागे न बघता टाचेने बॅग हातभर बाजूला सरकवली.

गुणाकाकी थांब्यावर पोचली, किंचित वळली आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. तांब्यातला एकही थेंब सांडला नव्हता.

"कसलो आवाज झालो रे?"

"काय नाय गे आये. पाय खाजयलंय."

त्याने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पाय पुढे केले. मी बॅग उचलून पायरीवर ठेवली.

दुपारी दोघी तुळशीचं वृंदावन रंगवत बसल्या होत्या आणि रंग नीट लागतोय की नाही यावर भांडत होत्या. गुणाकाकी म्हणत होती, गेल्या साली जास्त निळा होता. मी पडवीत ऊस सोलत होते. दिगंबर येऊन बसला.

"वाट पुन्हा केलीत तुम्ही," तो म्हणाला. "काल-परवा केलेली दिसते. पायाला कडा ताज्या लागतात."

"तुम्हाला माहीत आहे?"

"गेल्या वर्षी ती माझ्या चपलांवर ठेचकाळली. मी पायरीपुढेच काढल्या होत्या. चिखलात नाही, दगडावर नाही, दोन चपलांवर. मग मी चार दिवस ती कुठून चालते तेच बघत होतो. शेवटी एकदा डोळे मिटून मीच चालून बघितलं." त्याने चष्मा काढून पुसला. "विहिरीपर्यंत गेलो."

"मग न्यायला का आलात? त्यांना जमतंय तर."

"आईला जमतंय. शेवंताकाकी त्रेसष्टची आहे. पुढच्या वर्षी तिची कंबर धरली, तिला चोपणं उचललं नाही, तर? एका पावसात वाट जाईल. आणि कुणाला सांगायची सोय नाही. ती बोलत नाही, ही बोलत नाही. मी कुणाला विचारू?" तो थांबला. "दोन तिकिटं काढूनच आलोय. उद्याची."

मी हात धुतले, आत गेले आणि वही आणून त्याच्यापुढे ठेवली.

तो बँकेतला माणूस होता. आकडे कसे वाचायचे ते त्याला सांगावं लागलं नाही. पहिलं पान, दुसरं, तिसरं. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. पाचव्या दोरीपाशी ते थांबलं.

"गुणाकाकींच्या पायाने दुरुस्त," त्याने वाचलं. मग खिशातून पेन काढलं.

"कागद आहे?" त्याने विचारलं.

संध्याकाळी लग्न लागेपर्यंत तो नोंदी उतरवून घेत होता. मला नळी कशी धरायची विचारलं, माती किती मळायची ते आत्याला विचारलं. दिगंबरला सगळं माहीत आहे, हे आत्याला एका क्षणात कळलं. तिने चोपणं आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. "ह्या धर आधी. बँकेतले हात तुझे. फोड येतले."

लग्न लागलं, तुळशीवर अक्षता पडल्या, वाडीतली माणसं चिरमुरे आणि ऊस घेऊन पांगायला लागली. गुणाकाकी कट्ट्याला टेकून उभी होती. तिने विचारलं, साध्या आवाजात, जणू पानात चुना घातलास का विचारावं तसं:

"दिगू, तिकिटां किती काडलंस?"

"दोन."

तिने मान हलवली.

"एक परत करतलंय," तो म्हणाला. "आणि पुढच्या वर्सा दिवाळीनंतर आठ दिवस रजा घेवन येतलंय. खळा माका करूचा आसा."

गुणाकाकीने हात पुढे करून हवेत चाचपलं, आणि आत्याने आपला खांदा तिच्या हाताखाली सरकवला.

"मेल्या," आत्या दिगंबरला म्हणाली, "मगे इतके दिवस आमका घाबरवलंस कित्याक? हिणा माका दोनदा मिठाचे घावने घातल्यान."

"दोनदा?" गुणाकाकी म्हणाली. "आणि तू गप खाल्लंस?"

एप्रिलमध्ये माझी नोकरी संपली आणि मी सांगलीला परतले. पुढे तीस वर्षं मी शाळेत शास्त्र शिकवलं. पाणसळ शिकवताना नळीत परमँगनेट टाकतच असे. दर कार्तिकात दिगंबरचं पत्र यायचं; त्यात ख्यालीखुशाली दोन ओळी आणि बाकी सगळी मापं. एकदा बोलून मोकळी झाल्यापासून गुणाकाकीच्या मागण्या वाढल्या होत्या. "यंदा आईने गोठ्याकडे फाटा मागितला. चौदा फूट." "यंदा फाटा कोंबड्यांच्या खुराड्याकडे. शेवंताकाकी म्हणते, हिला आता रिक्षा पण हवी होईल." "यंदा मी सातवी दोरी चुकवली. आईने पायाने पकडली." गुणाकाकी डोंबिवलीला एकदाच गेली, नातीच्या लग्नाला, आणि पाचव्या दिवशी परत आली.

माझ्या वहीला चिकटवलेलं शेवटचं पत्र दोन हजार दोनचं आहे.

"आई श्रावणात गेली ते तुम्हाला कळवलंच होतं. यंदा खळं करायला आलो. मी निवृत्ती घेतली आहे, आता इथेच राहणार. शेवंताकाकीला विचारलं, सपाट करू का? ती म्हणाली, होतं तसंच कर. म्हणून तुमच्या वहीप्रमाणे केलं. मापं तीच, नवा फाटा नाही. काकी रोज दुपारी आमच्या पडवीत येऊन बसते. मोतीबिंदू काढल्यापासून तिला उत्तम दिसतं, सुईत दोरा ओवते. तरी येताना खळ्याच्या कडेला चपला काढते, हातात घेते, आणि त्या वाटेवरूनच येते. तुळशीपाशी थोडी थांबते, मग पुढे."